बर्फ नक्की किती पडणार? हिमवादळाचा अंदाज वाचायचा कसा

दर हिवाळ्यात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून ठरलेली बातमी येते. मोठं हिमवादळ येतंय, हजारो विमानं रद्द झाली, शाळांना सुट्टी मिळाली, लोकांनी दुकानांतला दूध-पाव उचलून नेला. दोन दिवसांनी दुसरी बातमी येते: एका शहरात गाड्या बर्फाखाली गेल्या आणि शंभरएक किलोमीटरवरच्या दुसऱ्या शहरात रस्ते नुसते ओले झाले. मग प्रश्न येतोच. वर उपग्रह आहेत, खाली महासंगणक आहेत, तरी बर्फ किती पडणार एवढं सांगता येत नाही?

मला या वादळांचा माग काढायचं वेड आहे. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार रात्री साडेदहाच्या सुमारास अंदाज काढणाऱ्या अमेरिकी संगणकीय मॉडेलचे नवे नकाशे यायला लागतात, युरोपीय मॉडेलचे मध्यरात्रीनंतर. वादळ चार दिवसांवर असेल तर ते दोन्ही पाहिल्याशिवाय मला झोप लागत नाही. या नादातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. हिमवादळाच्या अंदाजात आकड्यापेक्षा त्या आकड्याभोवतीची अनिश्चितता जास्त बोलकी असते, आणि ती कोणालाही वाचता येते. त्यासाठी हवामानशास्त्राची पदवी लागत नाही.

जानेवारी २०१५: बरोबर आलेला अंदाज, चुकलेला अंदाज

२६ जानेवारी २०१५. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने न्यूयॉर्क शहरासाठी २० ते ३० इंच बर्फाचा अंदाज दिला होता. न्यूयॉर्क राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी रात्री ११ वाजता भुयारी रेल्वे बंद करायला लावली. शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात बर्फामुळे ती बंद होण्याची ही पहिलीच वेळ. सकाळ झाली आणि सेंट्रल पार्कमधली एकूण नोंद निघाली ९.८ इंच. त्याहून पश्चिमेला, फिलाडेल्फियाच्या बाजूला, तर फारच थोडा बर्फ पडला. त्या भागाचा अंदाज देणाऱ्या कार्यालयाचे प्रमुख गॅरी झॅटकॉव्स्की यांनी ट्विटरवर लोकांची उघड माफी मागितली.

आता नकाशावर थोडं उजवीकडे सरकू. लाँग आयलंडच्या पूर्व भागात दोन फुटांच्या घरात बर्फ पडला होता. बॉस्टनला २४.६ इंच पडला, मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला ३४.५ इंच. तिथल्या लोकांच्या दृष्टीने अंदाज उत्तम होता! वादळ आलं, ठरल्या वेळी आलं, ठरल्याइतकं ताकदवान होतं. फक्त त्याची पश्चिमेकडची कड अंदाजापेक्षा शंभरएक किलोमीटर पूर्वेला राहिली. हजार किलोमीटरहून मोठ्या वादळात हा फरक म्हणजे काहीच नाही. पण त्या कडेखाली देशातलं सर्वांत मोठं शहर उभं होतं.

हिमवादळ आणि साधा पाऊस यांतला फरक इथेच आहे. पावसाचा पट्टा थोडा सरकला तर एका गावात दोनाऐवजी तीन सेंटिमीटर पाऊस पडतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. बर्फाचा पट्टा तेवढाच सरकला तर शहर ठप्प होतं किंवा उगाच बंद ठेवलेलं दिसतं.

वादळाला बळ कुठून मिळतं

हिवाळ्यात कॅनडाकडून ध्रुवीय गारठा खाली उतरतो आणि किनाऱ्याजवळची जमीन शून्याखाली जाते. तिथून पूर्वेला, समुद्रात, गल्फ स्ट्रीम नावाचा उबदार प्रवाह उत्तरेकडे वाहत असतो. कॅरोलायनाच्या किनाऱ्यासमोर भर जानेवारीतही त्याचं पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर असतं. इतकी थंड आणि इतकी उबदार हवा शेजारी शेजारी आली की त्या तफावतीतच वादळाची ऊर्जा साठलेली असते.

ती मोकळी करायला वरून धक्का लागतो. साधारण १० किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा अतिवेगवान वारा म्हणजे जेट स्ट्रीम. त्यात जेव्हा दक्षिणेकडे खोल वळण पडतं, तेव्हा वळणाच्या पुढच्या बाजूला वरची हवा पांगते. वरून हवा निघून गेली की खाली दाब उतरतो आणि आजूबाजूची हवा आत धावते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ न येता घड्याळाच्या उलट दिशेने भोवरत येते. केंद्र समुद्रावर असेल तर किनाऱ्यावरच्या शहरांना ईशान्येकडून वारा लागतो, म्हणून या वादळांना नॉरईस्टर म्हणतात. हा वारा समुद्रावरचं बाष्प गोळा करून थंड जमिनीवर आणून ओततो.

दाब किती झपाट्याने उतरतो यावर वादळाची ताकद कळते. २४ तासांत २४ मिलिबार किंवा त्याहून जास्त उतरला तर हवामानशास्त्रज्ञ त्याला 'बॉम्ब' म्हणतात. अक्षांशानुसार ही मर्यादा थोडी बदलते. न्यूयॉर्कच्या अक्षांशावर ती जरा कमी आहे. टीव्हीवर हा शब्द ऐकून लोक घाबरतात, पण तो मोजमापाचा शब्द आहे, सनसनाटीचा नाही.

आता वादळाचा माग काढणाऱ्यांचा आवडता बिंदू सांगतो. ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम. नँटकेट बेटाच्या दक्षिणेला, भर समुद्रात, दिसायला तिथे काहीच नाही. आमच्यात त्याला 'बेंचमार्क' म्हणतात. वादळाचं केंद्र या बिंदूच्या आसपास गेलं तर न्यूयॉर्क ते बॉस्टन या पट्ट्यात भरपूर बर्फ पडण्याची शक्यता असते. केंद्र याहून बरंच पश्चिमेला, किनाऱ्याला चिकटून गेलं तर समुद्राची ऊब शहरांत शिरते आणि बर्फाऐवजी पाऊस पडतो. फार पूर्वेला गेलं तर बाष्प किनाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. नवा नकाशा उघडला की माझी नजर आधी याच बिंदूकडे जाते.

बर्फ, पाऊस की मधलंच काही

हिवाळ्यात या भागात पडणारा बराचसा पाऊससुद्धा वरच्या ढगात बर्फ म्हणूनच जन्माला येतो. खाली येताना वाटेत त्याला काय भेटतं, त्यावर जमिनीवर काय पडणार हे ठरतं.

ढगापासून जमिनीपर्यंत सगळी हवा शून्याखाली असेल तर बर्फ. मध्येच, समजा दीड-दोन किलोमीटर उंचीवर, उबदार हवेचा थर घुसला असेल तर हिमकण तिथे वितळतो. त्याखाली थंड हवेचा जाड थर असेल तर थेंब पुन्हा गोठून बर्फाचे टणटण वाजणारे बारीक खडे पडतात. त्याला स्लीट म्हणतात. थंड थर पातळ असेल तर थेंबाला गोठायला वेळच मिळत नाही. तो पाणी म्हणून खाली येतो आणि फांदीला, तारेला, रस्त्याला टेकताच गोठतो. हा गोठणारा पाऊस. माझ्या मते सगळ्या प्रकारांत हाच सर्वांत घातक. पांढरंशुभ्र काही दिसत नाही, पण सगळ्यावर काचेसारखं जड कवच चढतं. जानेवारी १९९८ मध्ये क्यूबेक, ओंटारिओ आणि अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत अशा कवचाच्या वजनाने विजेचे मोठमोठे मनोरे कोसळले. लाखो लोक अंधारात गेले आणि काही ठिकाणी वीज परत यायला आठवड्यांमागून आठवडे लागले.

म्हणजे जमिनीवरचं तापमान पाहून भागत नाही. वरच्या थरात अर्धा-एक अंशाचा फरक पडला तरी खालचं चित्र पालटतं. म्हणून अंदाज करणारे साधारण १,५०० मीटर उंचीवरची शून्य अंशाची रेषा बारकाईने बघतात. वॉशिंग्टन, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बॉस्टन ही शहरं इंटरस्टेट ९५ या एकाच महामार्गावर माळेसारखी आहेत, आणि नॉरईस्टरमध्ये ही रेषा कितीदा तरी त्याच महामार्गाच्या आसपास घुटमळते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगरांची ओळ, मधल्या चिंचोळ्या पट्टीत कोट्यवधी लोक. बर्फाचा अंदाज द्यायला याहून अवघड जागा शोधून सापडायची नाही.

पाणी तेवढंच, थर वेगळा

समजा वादळाचा मार्ग बरोबर आला आणि बर्फच पडणार हेही नक्की झालं. तरी किती इंच हा प्रश्न उरतोच, कारण मॉडेल मुळात पाणी मोजतं. त्या पाण्याचा बर्फ किती होईल हे वेगळं गणित आहे.

ढोबळ नियम असा: एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ. पण तो ढोबळच. तापमान शून्याच्या आसपास असेल तर ओला, जड बर्फ पडतो आणि एक इंच पाण्याचे पाच-सहा इंचच होतात. कडाक्याची थंडी असेल तर वीस इंच किंवा त्याहूनही जास्त. गादीतला जुना दबलेला कापूस पिंजल्यावर केवढा फुगतो ते आठवा. वजन तेच, पण खोलीभर होतो. हिमकणांचंही तसंच आहे. ते ज्या आकाराचे असतील त्यावर त्यांच्यामध्ये हवा किती अडकते हे ठरतं.

आकार ठरतो ढगातल्या तापमानावर. जपानच्या होक्काइदोमध्ये उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम हिमकण वाढवून दाखवला आणि कोणत्या तापमानाला, किती बाष्प असताना कोणता आकार बनतो याची मांडणी केली. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, व्हरमाँटमधल्या जेरिको गावच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचं छायाचित्र काढलं आणि पुढे आयुष्यभर अशी हजारो छायाचित्रं घेतली. आपण चित्रात काढतो ती सहा फांद्यांची चांदणी प्रामुख्याने उणे १२ ते उणे १८ अंशांच्या दरम्यान वाढते. तिच्या फांद्या एकमेकींत अडकतात, मध्ये हवा राहते आणि थर भरभर चढतो.

म्हणून अनुभवी माणूस एक गोष्ट हमखास तपासतो: हवा सर्वांत जोराने वर चढतेय तो थर आणि हा उणे १२ ते उणे १८चा थर एकाच उंचीवर येतायत का? आले, तर बर्फ अंदाजाला मागे टाकतो. नाही आले, तर सुया किंवा बारीक दाणे पडत राहतात आणि दिवसभर बर्फ पडूनही पायरी झाकली जात नाही. एक इंच पाण्याला दहाऐवजी पंधरा इंच बर्फ झाला, तर वादळाच्या मार्गात कणभरही चूक नसताना अंदाज पाच इंचांनी हुकतो.

त्यातून वादळाच्या आत अरुंद पट्टे तयार होतात. रुंदी वीस-तीस किलोमीटर, पण त्याखाली तासाला दोन-तीन इंच बर्फ कोसळत असतो. पट्टे होणार हे एक दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. कोणत्या गावावर बसणार, हे रडारवर दिसायला लागेपर्यंत खात्रीने सांगता येत नाही.

सरोवरांचा बर्फ

या पट्ट्यांचा सर्वांत थरारक प्रकार पाहायचा तर समुद्र सोडून ग्रेट लेक्स सरोवरांकडे जायला हवं. इथे वादळाची गरजच नसते. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचं पाणी अजून कोमट असतं आणि वरून ध्रुवीय हवा वाहू लागते. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात १३ अंशांचा फरक पडला की खालची ओलसर हवा उसळून वर चढते आणि ढगांची रांग उभी राहते. वारा सरोवराच्या लांबीला धरून वाहत असेल तर सगळं बाष्प एकाच अरुंद पट्ट्यात एकवटतं.

ईरी सरोवराच्या टोकाला बफेलो शहर आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याच्या दक्षिणेकडच्या उपनगरांवर असा पट्टा जवळपास हलेचना. काही ठिकाणी पाच फुटांहून जास्त बर्फ पडला. त्याच वेळी शहराच्या उत्तर भागात जेमतेम काही इंच. त्या दिवसांची छायाचित्रं आजही पाहिली की मी थबकतो: निरभ्र निळं आकाश, ऊन पडलेल्या इमारती, आणि पलीकडे जमिनीपासून ढगापर्यंत उभी असलेली बर्फाची पांढरी भिंत. त्या भिंतीच्या आतल्या माणसाला अंगणातली गाडी दिसत नव्हती.

ईरी सरोवर उथळ आहे. ते गोठलं की पाण्यातली ऊब आणि बाष्प झाकलं जातं आणि हा कारखाना बंद पडतो. शेजारचं ओंटारिओ सरोवर खोल आहे, ते क्वचितच पूर्ण गोठतं, त्यामुळे त्याच्या पूर्वेच्या टग हिल पठारावर हिवाळाभर बर्फ कोसळत राहतो.

मॉडेल म्हणजे नेमकं काय

मॉडेल म्हणजे वातावरणाचे नियम गणितात लिहिलेला संगणकीय कार्यक्रम. तो पृथ्वीभोवतीच्या हवेचे लहान लहान चौकोनी तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यात आत्ता दाब, तापमान, वारा, बाष्प किती आहे हे भरतो आणि काही मिनिटांनी काय असेल हे काढतो. मग त्यावरून पुढची काही मिनिटं. असं करत करत दहा-पंधरा दिवस पुढे जातो. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचे तुकडे साधारण १३ किलोमीटरचे आहेत आणि ते दिवसातून चार वेळा चालतं. युरोपीय हवामान केंद्राच्या मॉडेलचे तुकडे सुमारे ९ किलोमीटरचे आहेत.

अडचण सुरुवातीच्या आकड्यांत आहे. जगभरात शेकडो केंद्रांवरून दिवसातून दोनदा हवामानाचे फुगे सोडले जातात, उपग्रह आणि विमानं माहिती पाठवतात. तरी हवेचा प्रत्येक कोपरा मोजला जात नाही, विशेषतः महासागरांवरचा. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये संगणकाला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा दिला आणि थोड्याच वेळात पुढचं सगळं हवामान वेगळं झालेलं पाहिलं. सुरुवातीची सूक्ष्म चूक वाढत जाते आणि काही दिवसांनी वादळाचा मार्ग शेकडो किलोमीटर इकडचा तिकडे करते.

यावरचा उपाय मला विलक्षण सुंदर वाटतो. चूक टाळता येत नाही, तर ती मोजायची. सुरुवातीच्या आकड्यांत मुद्दाम बारीक बदल करून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवायचं. युरोपीय केंद्र असे ५१ अंदाज काढतं, अमेरिकी केंद्र ३१. या समूहाला एन्सेम्बल म्हणतात. १९९२ पासून दोन्हीकडे तो रोजच्या कामात आहे. ५१पैकी ४५ अंदाजांत वादळ बेंचमार्कजवळून जात असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे. १५ किनाऱ्यालगत, २० बेंचमार्कवर आणि उरलेले दूर समुद्रात जात असतील, तर कोणी ठामपणे इंच सांगत असेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

'युरोपीय चांगलं की अमेरिकी' हा वाद दर हिवाळ्यात रंगतो. गेल्या काही दशकांची सरासरी पाहिली तर युरोपीय मॉडेल पुढे आहे. पण सरासरी म्हणजे प्रत्येक वेळ नव्हे. जानेवारी २०१५ मध्ये युरोपीय मॉडेल न्यूयॉर्कवर प्रचंड बर्फ दाखवत होतं, आणि नुकतंच सुधारलेलं अमेरिकी मॉडेल बराच कमी. त्या रात्री अमेरिकी मॉडेल सत्याच्या जवळ होतं.

दहा दिवसांपासून दहा तासांपर्यंत

वादळाचा माग काढताना प्रत्येक टप्प्यावर वेगळा प्रश्न विचारावा लागतो. आठ-दहा दिवस आधी फक्त एवढंच बघायचं की जेट स्ट्रीमचं वळण वादळाला अनुकूल दिसतंय का. या वेळी कुठल्याही शहराच्या बर्फाचा नकाशा निरर्थक आहे. चार-पाच दिवस आधी एन्सेम्बलमधल्या वाटा एकमेकींजवळ येतायत का ते पाहायचं. या काळात वादळाला जन्म देणारी खळबळ पुष्कळदा अजून प्रशांत महासागरावर असते, जिथे फुगे सोडणारी केंद्रं फारच थोडी आहेत. ती जमिनीवर आली की मोजमाप सुधारतं.

दोनेक दिवस राहिले की राष्ट्रीय हवामान सेवेची 'वॉच' येते. तिचा अर्थ: धोक्याची शक्यता आहे, तयारी ठेवा. 'वॉर्निंग' आली म्हणजे वादळ जवळपास नक्की आहे किंवा सुरूच झालं आहे. 'ब्लिझर्ड वॉर्निंग'चा संबंध बर्फाच्या इंचांशी नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वारा आणि बर्फामुळे ४०० मीटरपलीकडचं न दिसणं, हे किमान तीन तास टिकलं तर ते ब्लिझर्ड. आधी पडलेला बर्फ वाऱ्याने उडत असेल तरी चालतं.

शेवटच्या दहा-बारा तासांत मोठी मॉडेल बाजूला ठेवायची आणि रडार उघडायचं. आताची रडारं आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी पाठवतात, त्यामुळे कुठे हिमकण वितळतायत हे रंगांत दिसतं. ती वितळण्याची रेषा शहराकडे सरकताना पाहणं यासारखी उत्कंठा मला दुसऱ्या कशात मिळत नाही.

'मग अंदाज म्हणजे नुसता अंदाजपंचे?'

अजिबात नाही. मार्च १८८८ मध्ये न्यूयॉर्कला हलक्या पावसाचा अंदाज होता आणि २१ इंच बर्फ पडला. किनाऱ्यावर ४००हून अधिक माणसं गेली. फेब्रुवारी १९७८ मध्ये बॉस्टनजवळच्या रूट १२८ या महामार्गावर हजारो गाड्या लोकांसकट अडकल्या. त्याच्या १५ वर्षांनी, मार्च १९९३ मध्ये, संपूर्ण पूर्व किनारा व्यापणाऱ्या महावादळाचा इशारा पाच दिवस आधी देता आला आणि पहिला कण पडायच्या आत काही राज्यांनी आणीबाणी जाहीर केली. सन २००० च्या जानेवारीत मात्र मॉडेल पुन्हा फसली. नॉर्थ कॅरोलायनातल्या रालीमध्ये अचानक २०.३ इंच बर्फ पडला. तरी एकंदर चाल स्पष्ट आहे. ढोबळमानाने दर दशकाला अंदाज एका दिवसाने पुढे गेला आहे. आज पाच दिवसांचा अंदाज दहा वर्षांपूर्वीच्या चार दिवसांच्या अंदाजाइतका भरवशाचा आहे.

आणि अंदाज बरोबर आला म्हणजे सगळं निभावलं असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बफेलोला पिढीत एकदा येणारं वादळ येतंय, असं हवामान सेवेने काही दिवस आधी सांगितलं होतं. तसंच ते आलं. तरी चाळीसहून अधिक माणसं गेली. कोणी गाडीत अडकलं, कोणाच्या घरातली ऊब गेली, कोणापर्यंत रुग्णवाहिका पोहोचली नाही. हे वाचलं की मला नकाशांची मजा थोडा वेळ नकोशी होते.

'पृथ्वी तापतेय, तर एवढा बर्फ कसा?'

हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. तापमान वाढूनही शून्याखालीच राहिलं तर त्या जास्तीच्या बाष्पाचा जास्त बर्फ होतो. म्हणून हिवाळ्यातले बर्फाचे दिवस कमी होत असतानाही एखादं वादळ विक्रमी ठरू शकतं. जिथे हिवाळा आधीच शून्याच्या काठावर आहे तिथे मात्र बर्फाची जागा पाऊस घेतो. एका वादळावरून तापमानवाढ सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही.

'कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता तरी?'

युरोपीय केंद्राने फेब्रुवारी २०२५ पासून एआयवर चालणारं मॉडेल रोजच्या कामात घेतलं आहे. ते समीकरणं सोडवत नाही. जुन्या हवामानाच्या प्रचंड नोंदींतून शिकतं आणि पारंपरिक मॉडेलपेक्षा कितीतरी कमी वेळात उत्तर देतं. वादळाच्या मार्गाबाबत ते खरोखर चांगलं आहे. पण वीस किलोमीटरचा पट्टा कुठे बसेल आणि वरच्या थरात अर्धा अंश ऊब शिरेल का, हे प्रश्न त्यालाही सोपे नाहीत.

मोजणंही सोपं नाही

पडलेला बर्फ मोजायला पांढरी रंगवलेली एक फळी उघड्यावर ठेवतात, त्यावर पट्टी उभी धरून इंचाच्या दहाव्या भागापर्यंत वाचतात आणि फळी पुसतात. पुसायचं ते सहा तासांतून एकदाच. दर तासाला पुसून बेरीज केली तर आकडा फुगतो, कारण बर्फाला आपल्याच वजनाने दबायला वेळ मिळत नाही. जानेवारी २०१६ च्या वादळात सेंट्रल पार्कची नोंद आधी २६.८ इंच जाहीर झाली, म्हणजे २००६ च्या विक्रमाला ०.१ इंच कमी. मागाहून झालेल्या तपासणीत ती २७.५ इंच असल्याचं ठरलं आणि तो नवा विक्रम झाला. प्रत्यक्ष पडलेल्या बर्फाच्या आकड्याची ही गत, तर न पडलेल्या बर्फाचा एकच नेमका आकडा मागणं कितपत योग्य?

तीन आकडे

राष्ट्रीय हवामान सेवा आता मुख्य अंदाजाबरोबर आणखी दोन आकडे देते. एक कमीत कमीचा: दहापैकी नऊ शक्यता आहे की किमान एवढा बर्फ पडेलच. दुसरा जास्तीत जास्तीचा: दहापैकी एक शक्यता आहे की एवढा किंवा याहून जास्त पडेल. समजा एका शहराला ८ इंचांचा अंदाज आहे आणि हे दोन आकडे ६ आणि १० आहेत. दुसऱ्या शहरालाही ८ इंचांचाच अंदाज आहे, पण तिथे ते १ आणि १८ आहेत. बातमीत दोन्ही शहरांपुढे '८ इंच' एवढंच छापून येईल. पहिल्या शहराने ८ इंचांची तयारी करावी. दुसरं शहर त्या पाऊस-बर्फाच्या रेषेवर किंवा वादळाच्या कडेवर आहे. तिथल्या माणसाने विमानाचं तिकीट बदलता येतंय का ते आजच पाहावं, औषधं घरात आणून ठेवावीत आणि उद्या सकाळी अंदाज पुन्हा उघडून त्या दोन टोकांतलं अंतर कमी झालंय का ते बघावं.